ओरॅकल पार्कला जायचं कसं आणि परत यायचं कसं

बेसबॉलच्या गेमला संपायची ठरलेली वेळ नसते. टी-ट्वेंटीत दोन्हीकडची वीस-वीस षटकं झाली की लोक उठतात, किती वाजता घरी पोचू याचा अंदाज आधीच आलेला असतो. इथे नऊ इनिंग होतात, बरोबरी असली तर दहावी, मग अकरावी, निकाल लागेपर्यंत. २०२३ मध्ये पिच क्लॉक आलं, म्हणजे पिचरला ठरावीक सेकंदांत चेंडू टाकावाच लागतो. तेव्हापासून तीन तासांच्या वर रेंगाळणारे गेम सरासरी दोन तास चाळीस मिनिटांवर आले. २०२० पासून जादा इनिंगमध्ये दुसऱ्या बेसवर आधीच एक रनर उभा करतात, त्यामुळे तिथेही निकाल लवकर लागतो. तरीही सरासरीच्या भरवशावर रात्रीची गाडी पकडता येत नाही. म्हणून सॅन फ्रान्सिस्कोत ओरॅकल पार्कला, म्हणजे जायंट्स या बेसबॉल संघाच्या मैदानावर, गेम बघायला जायचं तर मी आधी परतीचं बघते, मग जायचं, आणि सगळ्यात शेवटी तिकिटं. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासच्या भागात, नव्याने आलेले बरेच जण हे नेमकं उलट्या क्रमाने करतात. त्यांच्यासाठी आमचा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

आम्ही सनीव्हेलला राहतो. स्टेडियम तिथून साधारण चाळीस मैल. यंदा उन्हाळ्यात आई-बाबा डोंबिवलीहून आले होते. बाबांनी नोकरीची सगळी वर्षं डोंबिवली-व्हीटी लोकलने काढली आणि क्रिकेटचं वेड अजून तसंच आहे. टीव्हीवर बेसबॉल बघताना आठवड्याभरात त्यांनी निम्मे नियम स्वतःच लावले आणि मग म्हणाले, "एकदा मैदानावर बघू या ना." बाबांचा उजवा गुडघा दुखरा आहे, आईला दर दीड-दोन तासांनी बाथरूम लागतं, लेक नऊ वर्षांची आहे. म्हणजे एकट्यादुकट्याने जातानाचा "बघू तिथे गेल्यावर" हा मार्ग बंद होता.

गाडीचा अनुभव आमच्या गाठीशी होता. मागच्या वर्षी नवऱ्याच्या ऑफिसातल्या मित्रांबरोबर आम्ही गाडीने गेलो होतो. कागदावर ते फार सोपं दिसतं: २८० हायवे थेट किंग स्ट्रीटवर येऊन संपतो आणि तिथून स्टेडियम चालत जाण्याइतकं जवळ. पण गेमच्या दिवशी शेवटचे दोन मैल मागच्या अडतीस मैलांशी बरोबरी करतात. रस्त्यावरच्या मीटरला गेमच्या दिवशी वेगळा दर असतो, नेहमीपेक्षा बराच जास्त, आणि तो रात्री दहापर्यंत चालू राहतो. ती जागा मिळणं तसंही नशिबाचं. मग खाजगी लॉट. आम्ही जिथे शिरलो तिथे फाटकावर एक जण हातातली पाटी उलटीसुलटी करत उभा होता, एका बाजूला एक दर आणि दुसऱ्या बाजूला दुसरा. समोरचा संघ लॉस एंजलिसचा डॉजर्स होता, म्हणून आम्हाला महागाची बाजू दिसली. साठ डॉलर. आत त्यांनी गाड्या एकीला एक चिकटवून, तीन-तीनच्या रांगेत लावून घेतल्या. आमची मधली.

गेम संपला, आम्ही परत आलो, आमच्या मागची गाडी निघाली होती आणि पुढची तशीच उभी होती. मागे जावं तर तोपर्यंत बाहेर पडणाऱ्या गाड्यांची रांग आडवी लागलेली. कोणी जागा देईना. पाटीवाला केव्हाच गेला होता. पुढच्या गाडीचं कुटुंब सावकाश आलं तोवर लेक मागच्या सीटवर झोपून गेली होती. त्यानंतर २८० च्या चढावापर्यंत पोचायला जो वेळ लागला, तेवढ्यात आम्ही एरवी घरी पोचलो असतो. सातव्या इनिंगनंतर स्टेडियमसमोरच्या किंग स्ट्रीटचा काही भाग चालणाऱ्यांसाठी मोकळा करून गाड्यांना बंद करतात. ते योग्यच आहे, हजारो माणसं एकदम बाहेर पडतात. पण त्यामुळे गाडीवाल्यांना वळसा पडतो, आणि रस्ते ओळखीचे नसले तर अंधारात फार त्रास होतो.

आणखी एक गोष्ट त्या रात्री बघितली ती सांगायलाच हवी. फुटपाथच्या कडेला काचेचा चुरा पडलेला दिसला, निळसर, बारीक, साखरेच्या खड्यांसारखा. गाडीची काच फोडून आतली बॅग पळवणं या शहरात नवीन नाही. गाडीनेच जायचं असेल तर आत काहीही ठेवू नका. नुसतं जॅकेट सीटवर पडलेलं असलं तरी खाली काय आहे हे बघायला कोणीतरी काच फोडतो. सामान डिकीत ठेवायचं असेल तर घरून निघतानाच ठेवा, लॉटमध्ये उतरून सगळ्यांच्या देखत नको.

तिथे पार्किंग इतकं कमी का, हे कळल्यावर माझा राग निवळला. हे स्टेडियम २००० साली उघडलं. त्याआधी चाळीस वर्षं, १९६० पासून १९९९ पर्यंत, जायंट्स शहराच्या दक्षिण टोकाला कँडलस्टिक पार्कमध्ये खेळत. तिथे पार्किंगचा समुद्र होता, आणि खऱ्या समुद्रावरून येणारा असा गार वारा की प्रेक्षक उन्हाळ्यात ब्लँकेटं घेऊन बसत. नवीन स्टेडियम बांधताना जागा निवडली ती कॅलट्रेन या उपनगरी रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनला लागून, म्युनी या शहरातल्या ट्राम-बस सेवेच्या रुळांजवळ आणि बोटीच्या धक्क्याजवळ. ते बांधलंही खाजगी पैशाने, १९६२ च्या डॉजर स्टेडियमनंतर असं पहिल्यांदाच झालं. चाळीस हजारांवर माणसं बसतात आणि त्यातल्या बहुतेकांनी गाडी आणू नये हाच हिशेब मुळात धरलेला आहे. स्टेडियमला लागूनच्या चिंचोळ्या खाडीच्या पलीकडे जो मोठा लॉट होता त्यावरही आता मिशन रॉक नावाची वसाहत उभी राहिली आहे, इमारती, ऑफिसं, बाग. म्हणजे पार्किंग पुढे वाढणार नाही, कमीच होणार.

बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. "वानखेडेला कोण गाडी नेतं?" एवढंच म्हणाले. बरोबरच होतं. वानखेडे चर्चगेट आणि मरीन लाइन्सच्या मध्ये, पश्चिम रेल्वेच्या रुळांना खेटून. बाबा व्हीटीला उतरून चालत जायचे, आणि मॅच कितीही रंगली तरी त्यांच्या डोक्यात परतीची कर्जत किंवा कसारा लोकल चालू असायची. उलट गहुंज्याला ज्यांनी मॅच बघितली आहे त्यांना एक्स्प्रेस-वेच्या कडेला गाडी लावून शेतातून चालत जाणं आणि मग तासभर जागच्या जागी उभं राहणं माहीत आहे. ओरॅकल पार्क हे वानखेडेच्या जातीचं मैदान आहे, गहुंज्याच्या नाही. हे एकदा मनात पक्कं झालं की पुढचे निर्णय सोपे होतात.

दुसरे मार्गही आम्ही तपासले. खाडीच्या पूर्वेला, ईस्ट बेमधल्या अलमीडाला राहणारी मैत्रीण दर वेळी बोटीने जाते, ती आम्हाला एकदा घेऊन गेली होती. बऱ्याच गेमना ओकलंड-अलमीडाकडून, व्हलेहोहून आणि उत्तरेकडच्या लार्कस्परहून बोटी थेट स्टेडियमच्या मागे, सेंटर फील्डच्या बाजूच्या धक्क्याला लागतात. बोट खाडी ओलांडायला लागली की समोर स्टेडियम दिसायला लागतं. मला विचाराल तर स्टेडियमला पोचायचा याहून सुंदर रस्ता नाही. परतीची बोट गेम संपल्यावर थोड्याच वेळात सुटते, मात्र जागा मोजक्या असतात, तेव्हा परतीचं तिकीट आधीच काढून ठेवायचं आणि रात्री जास्तीत जास्त किती वाजेपर्यंत बोट थांबते तेही बघून ठेवायचं. आमच्यासाठी अडचण एकच: सनीव्हेलहून बोटीपर्यंत जायलाच गाडी काढावी लागते, आणि खाडीला वळसा घालून पलीकडे जायचं. ईस्ट बेमध्ये राहणाऱ्यांनी मात्र बोट नक्की करावी, विशेषतः घरी पाहुणे आलेले असतील तर.

बार्ट, म्हणजे बे एरियाची मेट्रो, हा फ्रीमाँट, डब्लिन, मिलपिटासकडच्या लोकांचा मार्ग. बार्ट स्टेडियमपर्यंत जात नाही. एम्बार्कडेरो स्टेशनला उतरायचं आणि तिथून एक तर म्युनीची एन लाइन घ्यायची, ती सेकंड अँड किंगला म्हणजे स्टेडियमच्या दारातच उतरवते, नाही तर पाण्याच्या कडेने वीस-पंचवीस मिनिटं चालायचं. संध्याकाळी ते चालणं मला फार आवडतं, डाव्या हाताला धक्के, डोक्यावर बे ब्रिज, आणि रस्ताभर नारिंगी-काळ्या जर्सी एकाच दिशेने चाललेल्या. बाबांच्या गुडघ्याला ते झेपलं नसतं. आमच्याकडून बार्ट धरायची तर मिलब्रेला जाऊन बदलावी लागते, आणि मिलब्रेपर्यंत कॅलट्रेनने गेलोच तर तीच गाडी पुढे थेट स्टेडियमजवळ जाते. मग बदलायची कशाला?

म्हणून कॅलट्रेन ठरली. सप्टेंबर २०२४ पासून सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे ही लाइन पूर्ण विजेवर आली आहे. जुन्या डिझेल गाड्या ज्यांनी सोसल्या त्यांना फरक लगेच कळेल: धूर नाही, हादरे नाहीत, स्टेशन सुटल्यावर गाडी पटकन वेग घेते, आणि दिवसभर साधारण अर्ध्या तासाला एक गाडी मिळते. डबे दुमजली आहेत. आईच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडीत बाथरूम आहे, मोठं, व्हीलचेअर आत जाईल असं. बार्टच्या गाडीत ते नाही. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी केवळ या एका मुद्द्यावर निर्णय घेतला तरी चालेल.

तयारी आठवडाभर आधी सुरू केली. इथल्या सगळ्या गाड्या, बसा, बोटींना एकच क्लिपर कार्ड चालतं. आम्हा दोघांचं फोनमध्ये होतं. आई-बाबा पासष्टच्या वरचे, त्यामुळे त्यांना ज्येष्ठांच्या कार्डावर निम्म्या भाड्यात जाता येतं. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो, इथले रहिवासी असण्याची गरज पडली नाही. लेकीचं मुलांचं कार्ड होतंच, कॅलट्रेनवर मुलांचं भाडं अगदी नाममात्र आहे आणि म्युनीवर अठरापर्यंतच्या मुलांना काहीच पडत नाही. पाच जणांचं जाऊन-येऊन भाडं त्या साठ डॉलरपेक्षा कमीच आलं, पेट्रोल तर धरलंच नाही.

कॅलट्रेनला फाटक नसतं. प्लॅटफॉर्मवर खांबाला यंत्र असतं, चढायच्या आधी त्यावर कार्ड टॅप करायचं आणि उतरल्यावर पुन्हा टॅप करायचं. हे दुसरं टॅप लोक विसरतात आणि जास्तीचं भाडं कापलं जातं. गर्दीत, गेमच्या उत्साहात, विसरणं अगदी साहजिक आहे. आम्ही ते काम लेकीकडे दिलं. तिने स्टेशनवर उतरल्या उतरल्या यंत्रासमोर उभं राहून प्रत्येकाचं टॅप झालं का ते बघितलं, आजोबांचं कार्ड दोनदा लागू नये म्हणून त्यांचा हातही धरून ठेवला.

गेम शुक्रवारी सव्वासातचा होता. शुक्रवार म्हणजे ऑफिसची गर्दीही असणार, म्हणून आम्ही पाचच्या थोडं आधीची गाडी धरली. सनीव्हेल स्टेशनला लागून पार्किंगची इमारत आहे, तिथे गाडी ठेवली. संध्याकाळी ऑफिसवाले परतायला लागलेले असतात, जागा सहज मिळाली. चढताना पायरी उंच आहे, प्लॅटफॉर्म अजून डब्याच्या पातळीला आणलेले नाहीत. बाबांना दांडा धरून, आधी डावा पाय टाकून चढावं लागलं. व्हीलचेअर असेल तर प्लॅटफॉर्मवर उंच केलेला एक भाग असतो, तिथे थांबायचं, कंडक्टर येऊन मदत करतो.

खालच्या मजल्यावर बसलो. माउंटन व्ह्यूला पहिल्या नारिंगी टोप्या चढल्या, पालो आल्टोला आणखी, रेडवुड सिटीपर्यंत डबा अर्धा नारिंगी झाला होता. माउंटन व्ह्यूला व्हीटीए या तिथल्या वाहतूक सेवेची लाइट रेल (ट्राम) येऊन मिळते, त्यामुळे सँटा क्लारा, मिलपिटासकडचे काही जण तिथून येतात. समोर बसलेल्या आजोबांच्या मांडीवर स्कोअरकार्ड आणि कानामागे पेन्सिल होती. बाबांनी त्यांना विचारलं, हे कसं लिहायचं. मला वाटलं इंग्रजीची अडचण होईल, पण स्कोअर लिहिणाऱ्या माणसांची भाषा वेगळीच असते. प्रत्येक खेळाडूला एक चौकोन, त्यात हिऱ्यासारखा आकार, रनर जिथवर पोचला तिथवर रेघ. सॅन मटेओ येईपर्यंत बाबांनी तिकिटाच्या प्रिंटच्या मागे स्वतःचे चौकोन आखले होते. गाडीने आलो असतो तर बाबांनी हा तासभर मागच्या सीटवर ब्रेकचे लाल दिवे बघत काढला असता.

शेवटच्या टप्प्यात गाडी बोगद्यांतून जाते आणि मग शहर एकदम अंगावर येतं. फोर्थ अँड किंग हे शेवटचं स्टेशन. पुढे जायचंच नसल्यामुळे उतरायची घाई करू नका. सगळा लोंढा जाऊ द्या, मग उतरा, ज्येष्ठांना धक्के बसत नाहीत. बाहेर आलं की किंग स्ट्रीट. रस्त्याच्या मधोमध म्युनीचे रूळ आहेत, सिग्नलला नीट थांबायचं, कारण गर्दीबरोबर वाहत जाऊन लाल दिव्यात ओलांडणारे बरेच असतात. गुडघा फारच कुरकुरला तर एन लाइनने एक थांबा पुढे सेकंड अँड किंगला जाता येतं. टी लाइन मात्र २०२३ पासून नव्या बोगद्यातून फोर्थ स्ट्रीटने युनियन स्क्वेअर, चायनाटाउनकडे जाते, ती स्टेडियमच्या दारावरून जात नाही. फलाटावर बरेच जण यात गोंधळतात.

बाबा चालले. एकच लांब ब्लॉक आहे. थर्ड आणि किंगच्या कोपऱ्यावर जायंट्सचा महान खेळाडू विली मेज याचा पुतळा, बॅट फिरवून झाल्यानंतरच्या पवित्र्यातला, आणि भोवती चोवीस ताडाची झाडं, कारण त्याच्या जर्सीचा नंबर चोवीस. स्टेडियमचा पत्ताही २४, विली मेज प्लाझा असाच आहे. मेज २०२४ च्या जूनमध्ये गेला. बाबांनी पुतळ्याच्या चौथऱ्याला हात लावून नमस्कार केला, मग झाडं मोजली. बरोबर भरली.

बाहेरचं खाणं स्वतःपुरतं आत नेता येतं, आणि सील न उघडलेली प्लॅस्टिकची पाण्याची बाटलीही. हे पुष्कळांना माहीत नसतं. आईने तिखटमिठाच्या पुऱ्या आणि कोरडी बटाट्याची भाजी घेतली होती. लसणाचे फ्राइज मात्र तिथलेच घ्या, वास आल्यावर कोणी थांबूच शकत नाही. बॅगेचे नियम बदलत असतात, ते जाण्याआधी स्टेडियमच्या ॲपवर बघून घ्यावेत, कारण गेटवर अडवलं तर बॅग परत ठेवायला गाडी जवळ नसते. आणि गरम कपडे. जुलै असला तरी पाण्यावरून वारा येतो, सूर्य कलला की धुकं उतरतं. आईची शाल, बाबांचा कानटोप, सगळं वापरलं गेलं.

गेमचं वर्णन इथे करत नाही, फक्त वेळेपुरतं सांगते. आठव्या इनिंगअखेर बरोबरी होती. पावणेदहा वाजत आले होते. हाच तो क्षण, ज्यासाठी परतीचा हिशेब आधी करून ठेवायचा. आजूबाजूचे लोक फोन काढून गाडीचं वेळापत्रक बघत होते, काही जण चुळबुळत उठले. आम्हाला माहीत होतं की गेमनंतर सहसा कॅलट्रेनची खास गाडी असते, शेवटचा बॅटर बाद झाल्यावर साधारण पंधरा मिनिटांनी किंवा भरली की सुटते. ती चुकली तरी नेहमीच्या वेळापत्रकातली गाडी मध्यरात्रीच्या सुमारापर्यंत मिळते. त्या दिवसाची सूचना दुपारीच वाचून ठेवली होती. त्यामुळे बसून राहिलो. दहाव्या इनिंगमध्ये दुसऱ्या बेसवरचा रनर एका सरळ फटक्यावर होम प्लेटला पोचला, म्हणजे विजयाची रन झाली, आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. बाबाही. गुडघ्याचं त्यांच्या लक्षातच नव्हतं.

मग आम्ही मुद्दाम पाच मिनिटं बसून राहिलो. खास गाडीच्या मागे धावायचं नाही हे ठरलेलंच होतं. पहिल्या लोंढ्यात जिन्यांवरून उतरणं बाबांना नको होतं, आणि निघण्याआधी आईला स्टेडियममधलं बाथरूम मोकळं मिळालं. बाहेर किंग स्ट्रीटवर माणसंच माणसं, मधून पोलिसांच्या शिट्ट्या. स्टेशनात दोरी लावून रांग केली होती, आत फलाटाची दारं बंद. खास गाडी आमच्या समोर भरून गेली. कोणी ढकललं नाही, रांग शांतपणे पुढे सरकली. वीसेक मिनिटांनी पुढची गाडी लागली आणि तीत पाचही जणांना बसायला जागा मिळाली. म्हातारी माणसं दिसली की लोक आपणहून जागा देतात हेही त्या रात्री बघितलं. स्कोअरकार्डवाले आजोबा त्याच डब्यात होते. त्यांनी बाबांचे चौकोन तपासले, एका ठिकाणी रेघ दुरुस्त केली.

सगळी स्टेशनं घेत गाडीला तासाभराच्या वर वेळ लागतो, आणि त्या वेळात लेक नीट झोपली. सनीव्हेलला उतरलो, पाच टॅप, गाडी काढली आणि दहा मिनिटांत घरी. साडेबारा होत आले होते. लॉटमध्ये अडकलो होतो त्या रात्री आम्ही याहून उशिरा पोचलो होतो, आणि तेव्हा गेम नऊ इनिंगमध्येच संपला होता.

काही गोष्टी नंतर मैत्रिणींना सांगताना सुचल्या, त्याही लिहिते. फ्रीमाँट-मिलपिटासच्या मंडळींनी लक्षात ठेवावं की सॅन फ्रान्सिस्कोतून बेरियेसाकडे थेट जाणारी बार्टची हिरवी लाइन रात्री नऊच्या सुमाराला बंद होते. रात्रीचा गेम असेल तर परतताना निळी, डब्लिनची गाडी घेऊन बे फेअरला उतरायचं आणि तिथे नारिंगी लाइन पकडायची. बदलायला फलाटावर थांबावं लागतं, म्हणून त्याचा वेळ आधीच धरून ठेवा. हे माहीत नसताना एम्बार्कडेरोच्या फलाटावर हिरव्या गाडीची वाट बघत बसलेली कुटुंबं मी बघितली आहेत.

वॉरियर्सचं चेस सेंटर इथून पायी अंतरावर आहे. २०१९ पासून तिथे बास्केटबॉल आणि मोठे गाण्याचे कार्यक्रम होतात. दोन्हीकडे एकाच संध्याकाळी काही असलं तर टी लाइन आणि पार्किंग दोन्हींवर दुप्पट ताण येतो. जायंट्सची तिकिटं काढण्याआधी तिथला कार्यक्रम बघा, त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत.

जवळ राहणाऱ्यांसाठी, किंवा सायकल घेऊन कॅलट्रेनने येणाऱ्यांसाठी, स्टेडियमला सायकल ठेवायची मोफत सोय आहे. शहरातली सायकलस्वारांची संस्था ती चालवते, टोकन देते, निघताना टोकन देऊन सायकल घ्यायची. त्याच बाजूला राइट फील्डच्या भिंतीत कमानी आहेत, तिथे जाळीतून काही इनिंग फुकट उभ्याने बघता येतात. बाबांना हे ऐकून फार आवडलं, त्यांनी लहानपणी अशा कितीतरी मॅच कुंपणाबाहेरून बघितल्या आहेत.

आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी पाऊणला सुरू होणारा गेम ज्येष्ठांसाठी सगळ्यात सोयीचा. थंडी कमी, उजेडात परत. फक्त तो साडेतीन-चारला संपतो, आणि परतीच्या गाडीत ऑफिसवाल्यांची गर्दी सुरू व्हायच्या आत बसायचं तर रेंगाळू नये. रविवारी गाड्या लांबच्या अंतराने असू शकतात आणि रुळांचं कामही बहुतेक शनिवार-रविवारीच काढतात, तेव्हा आदल्या रात्री पुन्हा एकदा वेळापत्रक बघावं.

आई-बाबा सप्टेंबरअखेर परत जाणार आहेत. त्याआधी बुधवारच्या दुपारच्या गेमची तिकिटं काढली आहेत. या वेळी अलमीडाची मैत्रीण म्हणते, माझ्याकडे या, बोटीने जाऊ. बाबांनी कालच विचारलं, बोटीत चढायला पायऱ्या किती?